हायब्रिडच्या नावानं पावती फाडणाऱ्यांना

हायब्रिड गाडी घेतलेल्या माणसाला आपल्याकडे दोन गोष्टी फुकट मिळतात: मायलेजबद्दलचे प्रश्न आणि देखभालीबद्दलचे सल्ले. प्रश्नांचं काही वाटत नाही. सल्ल्यांचा मात्र आता वीट आलाय. सोसायटीचं पार्किंग असो, लग्नाची पंगत असो की ऑफिसची लिफ्ट, पालुपद एकच. ‘‘हायब्रिड आहे ना? मग शोरूम सांगेल ते मुकाट्यानं करायचं. दोन-दोन इंजिनं, एवढी मोठी बॅटरी, सगळं कॉम्प्युटरवर. बाहेरच्या माणसानं हात लावला की वॉरंटी गेलीच म्हणून समजा. आणि काय हो, पंचवीस लाखांच्या गाडीला पाच हजारांचा हिशेब शोभतो का?’’

असं म्हणणारे लोक अडाणी नसतात. ही कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस करणारी, डॉक्टरनं लिहून दिलेली तपासणी खरंच हवी का म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे जाणारी, म्युच्युअल फंडाच्या खर्चाचे दशांश ताडून पाहणारी माणसं. पण सर्व्हिस ॲडव्हायझरनं टॅबवर एस्टिमेट पुढं केलं की यांची सगळी चिकित्सा कुठं जाते कोण जाणे. तेल आणि फिल्टर यांच्या खाली इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, ब्रेक सर्व्हिस, अंडरबॉडी कोटिंग, उंदीर पळवणारा फवारा अशी रांग लागलेली असते. बोट पुढं येतं आणि मंजुरी देऊन मोकळं होतं. मोफत सर्व्हिसलाही हेच. मोफत असते ती फक्त मजुरी; बाकीची रांग तिथंही उभीच.

या भाबडेपणाला आता शहाणपणाचा मान मिळाला आहे, म्हणून हा लेख. एकेक दावा घेऊ.

पहिला दावा: हायब्रिड गुंतागुंतीची, म्हणून नाजूक, म्हणून तिला देखभाल जास्त. ऐकायला हे तर्कशुद्ध वाटतं. पण बॉनेट उघडून पाहिलंय कुणी? मी बोलतोय ते हायक्रॉस, हायरायडर, ग्रँड व्हिटारा यांच्यातल्या स्ट्राँग हायब्रिडबद्दल. पट्ट्यावर फिरणाऱ्या छोट्या जनरेटरच्या जोरावर हायब्रिडचा बिल्ला मिरवणाऱ्या माइल्ड हायब्रिडबद्दल नव्हे. या स्ट्राँग हायब्रिडमध्ये इंजिन एकच असतं आणि जोडीला दोन विद्युत मोटर-जनरेटर. त्यांतलाच एक इंजिन सुरू करतो आणि वीजही बनवतो, त्यामुळे वेगळा स्टार्टर नाही आणि वेगळा अल्टरनेटर नाही. क्लच प्लेट नाही. एसीचा कॉम्प्रेसर आणि पाण्याचा पंप विजेवर चालतात, त्यामुळे इंजिनाच्या पुढं करकरणारा पट्टाही नाही. गिअरबॉक्स म्हणाल तर ग्रहमालेसारखी एकमेकांभोवती फिरणारी दातेरी चाकं. ती कायम एकमेकांत अडकलेली असतात, क्लचसारखी घसरत नाहीत. होंडाच्या सिटी हायब्रिडमध्ये तर नेहमीच्या अर्थाचा गिअरबॉक्सच नाही. इंजिन बहुतेक वेळ जनरेटर फिरवतं आणि महामार्गाच्या वेगाला थेट चाकांना जोडलं जातं. म्हणजे साध्या गाडीत जे भाग हमखास झिजतात, जळतात, तुटतात, त्यांतले कितीतरी इथं जन्मालाच आलेले नाहीत. नसलेल्या भागाची देखभाल कशी करतात, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

आणि हे तंत्र कालपरवाचं आहे का? टोयोटानं पहिली प्रिअस जपानमध्ये १९९७ च्या डिसेंबरात विकायला काढली. भारतात ती २०१० मध्ये आली. दरम्यान जगभरच्या टॅक्सीवाल्यांनी याच यंत्रणेच्या गाड्या लाखो किलोमीटर पळवल्या आहेत. टॅक्सीवाला हा प्राणी भावनेच्या भरात इंजिन फ्लश करून घेत नाही. पाव शतकाहून अधिक काळ रस्त्यावर असलेल्या यंत्राला ‘नवं तंत्रज्ञान, जपायला हवं’ म्हणणारे एक तर इतिहास विसरलेत किंवा त्यांना काहीतरी विकायचं आहे.

इथली गंमत तर अशी की, गाडी विकताना बोलली जाणारी भाषा आणि सर्व्हिसच्या वेळची भाषा एकमेकींना ओळखही दाखवत नाहीत. टोयोटा आपल्या हायब्रिडची जाहिरात करताना चाळीस टक्के अंतर आणि साठ टक्के वेळ गाडी निव्वळ विजेवर चालते असा दावा करत आली आहे. शोरूमचा सेल्समन हा आकडा हातावर हात मारून सांगतो. बरं, मग जे इंजिन साठ टक्के वेळ बंदच असतं, त्याच्या पोटात जेमतेम वीस हजार किलोमीटरवर एवढा गाळ कुठून साठतो, की त्याला धुऊन काढायला हवं? दोन्ही विधानं एकाच इमारतीत, एकाच गणवेशातली माणसं करतात. मधे फक्त एक काचेचं दार असतं.

दुसरा दावा: ‘कंपनीच सांगते.’ हा सगळ्यांत लबाड, कारण त्यात अर्धं सत्य आहे. कंपनी सांगते खरं, पण कुठे सांगते? गाडीबरोबर मिळालेल्या मॅन्युअलमध्ये. ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पाकिटात पहिल्या दिवसापासून पडून असलेल्या त्या पुस्तकात. त्यात देखभालीचा तक्ता असतो. किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय बदलायचं, काय नुसतं तपासायचं, ते खुणा करून छापलेलं असतं. हा कंपनीचा शब्द. काउंटरवरचं मेन्यू कार्ड हा डीलरचा शब्द. डीलर म्हणजे कंपनी नव्हे. तो स्वतंत्र धंदा करणारा व्यापारी आहे. नवी गाडी विकून त्याच्या हाती मोजकं उरतं. वर्कशॉप ही त्याची दुभती म्हैस. त्या वाढीव कामांना आतल्या भाषेत ‘व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिस’ म्हणतात आणि ॲडव्हायझरला त्याचं महिन्याचं टार्गेट असतं. तो पोरगा वाईट नाही. त्याचा पगार तुमच्या होकारात अडकलेला आहे, एवढंच. पण ज्याचा पगार आपल्या होकारात अडकलाय, त्याला आपण ‘तज्ज्ञ’ का म्हणायचं?

तक्ता उघडून त्याच्याशी एस्टिमेट ताडून पाहा. इंजिन फ्लश तक्त्यात सापडत नाही. टेफ्लॉन कोटिंग सापडत नाही. इंजिन ड्रेसिंग, म्हणजे बॉनेटखालचं प्लास्टिक चमकवायचा तो फवारा, तोही नाही. टायरमध्ये नायट्रोजन भरण्याचं कसलंही बंधन नाही. आपण श्वासात घेतो ती हवाही ७८ टक्के नायट्रोजनच असते आणि ती पंपावर भरून मिळते. एसीच्या केबिन फिल्टरचा उल्लेख मात्र तक्त्यात आहे. तो बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागं बसतो, काही शे रुपयांना मिळतो आणि दहावीतलं पोरही तो पाच मिनिटांत बदलू शकतं. तरीही फिल्टर, त्याच्या बदलीची मजुरी, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि वर तोच एसी ‘निर्जंतुक’ करण्याचे वेगळे पैसे!

इथं हमखास उत्तर येतं, ‘‘मॅन्युअल जपानच्या रस्त्यांसाठी असतं हो. आपल्याकडची धूळ, खड्डे, ट्रॅफिक पाहा.’’ उत्तम. मग मॅन्युअल आणखी दोन पानं वाचा. खडतर परिस्थितीत, म्हणजे धुळीचे रस्ते, सततचं थांबत-थांबत चालवणं, जड ओझं अशा वेळी काय लवकर करायचं, तेही गाडी बनवणाऱ्यांनी लिहून ठेवलेलं असतं. एअर फिल्टर लवकर, तेल लवकर, तपासण्या लवकर. धुळीवर उपाय म्हणून थ्रॉटल बॉडी दर सर्व्हिसला धुवा, असं तिथंही म्हटलेलं नाही. विदर्भातली धूळ आणि कोकणातला पाऊस खरे आहेत. त्यांच्या नावावर खपवला जाणारा माल खोटा आहे.

तिसरा दावा ब्रेकचा. ‘‘सर, ब्रेक पॅड बदलायला झालेत. सेफ्टीचा प्रश्न आहे.’’ सेफ्टी हा शब्द उच्चारला की कुटुंबवत्सल माणूस गारद होतो. पण हायब्रिडमध्ये पाय ब्रेकवर ठेवला की आधी मोटर उलटी कामाला लागते, गाडीचा वेग विजेत बदलून बॅटरीत भरते. पॅड आणि डिस्क यांची खरी गाठ पडते ती जोराच्या ब्रेकला किंवा अगदी शेवटच्या टप्प्यात. म्हणून हायब्रिडचे पॅड साध्या गाडीच्या मानानं कितीतरी जास्त टिकतात. उगाच वाद घालू नका, फक्त आकडा मागा. नवं पॅड साधारण दहा-बारा मिलिमीटर जाडीचं असतं. ‘‘आता किती उरलंय? मोजून जॉब कार्डवर लिहा.’’ एवढं एक वाक्य म्हटलं की ‘बदलायला झालेले’ पॅड अनेकदा ‘अजून एक सर्व्हिस चालतील’ होतात. पॅड एका वाक्यात जाड होतं, हा चमत्कार कुठल्या विज्ञानात बसतो?

उलट हायब्रिडच्या ब्रेकना खरी गरज असते ती वेगळ्याच गोष्टीची. पॅड कमी वापरले जातात म्हणून दमट हवेत, विशेषतः किनारपट्टीला, डिस्कवर गंज चढतो आणि कॅलिपरच्या पिना जाम होऊ शकतात. त्या साफ करून त्यांना योग्य ते ग्रीस लावणं हे काम करण्यासारखं आहे. पण एस्टिमेटवर झळकतं कोण? नवे पॅड. कारण पिनेला ग्रीस लावण्यात कमाई नाही.

चौथा दावा म्हणजे या सगळ्या भीतीचा कणा: बॅटरी. ‘‘बसली तर लाखांचा खड्डा, साहेब.’’ या एका वाक्यावर बाकीची सगळी बिलं उभी आहेत. बॅटरीच्या भीतीनं गारठलेला माणूस वायपर ब्लेडलाही नाही म्हणत नाही. पण टोयोटा, मारुती आणि होंडा यांनी भारतातल्या आपल्या स्ट्राँग हायब्रिडच्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी दिलेली आहे. व्यापारी आठ वर्षांची जबाबदारी आनंदानं कशाची घेतो? जी वस्तू सहसा बिघडत नाही तिचीच ना? ही यंत्रणा बॅटरी कधी पूर्ण भरत नाही आणि कधी पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. मधल्या पट्ट्यातच ती खेळवली जाते. तिच्या दीर्घायुष्याचं मुख्य कारण हेच. त्यात वर्कशॉपच्या कोणत्याही पॅकेजचा काडीचाही वाटा नाही.

ज्या गाड्यांत ही बॅटरी केबिनमधल्या हवेनं थंड होते, तिथं सीटजवळ एक जाळी असते. त्या जाळीवर पिशव्या, कुशन, कुत्र्याची चादर ठेवायची नाही आणि तिथली धूळ-केस वेळच्या वेळी साफ करायचे. मालकाच्या हातात असलेली बॅटरीची सर्वांत मोठी सेवा ती हीच, आणि तिला खर्च शून्य. ॲडव्हायझरनं ही जाळी बोट लावून दाखवल्याचं कितीजणांना आठवतं?

शिवाय दोन बॅटऱ्यांचा घोळ मुद्दाम घातला जातो. गाडीत मोठ्या बॅटरीखेरीज एक साधी १२ व्होल्टची बॅटरी असते. तिला इंजिन फिरवायचं नसतं. कॉम्प्युटर जागे करायचे, दिवे-कुलपं चालवायची, एवढंच तिचं काम. गाडी महिनाभर उभी राहिली की ती उतरते आणि गाडी सुरू व्हायला नकार देते. घरचे हादरतात, ‘‘हायब्रिड बसली!’’ बसलेली असते ती छोटी बॅटरी, आणि तिच्या बदलीचा खर्च हजारांत असतो, लाखांत नाही. ती तरी बदलायची का, हे टेस्टरचा कागद ठरवेल, ‘तीन वर्षं झाली, आता बदलूनच टाका’ हा सूर नव्हे.

पाचवा दावा वॉरंटीचा: बाहेर हात लावला की संपली. हा दावा इतक्या ठामपणे केला जातो की, ऐकणाऱ्याला वाटावं संसदेनंच तो कायदा केलाय. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. २०११ साली दाखल झालेल्या एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगानं चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ ला १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. टोयोटा, होंडा, मारुती, टाटा, महिंद्र, सगळे त्या यादीत होते. सुटे भाग आणि दोष शोधण्याची यंत्रं खुल्या बाजारात मिळू न देणं, हा त्यांच्यावरचा मुख्य ठपका. त्याच आदेशात आयोगानं बजावलं की, गाडी बाहेरच्या मेकॅनिककडे नेली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झालं असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या अपिलात गेल्या, वर्षानुवर्षं खटले चालले. ते चालोत. पण देशाच्या नियामकानं ज्या अटीवर बोट ठेवलं, ती अट काउंटरवर आजही वेदवाक्यासारखी ऐकवली जाते आणि आपण मान डोलावतो! २०२२ च्या डिसेंबरात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यातही मोटारींचं क्षेत्र आहे. ग्राहकांसाठी १९१५ ही हेल्पलाइन आहे. पण हक्क मागावा तर लागतो ना?

आणि मुळात वॉरंटीच्या भीतीचा या बिलांशी संबंध काय? समजा, मला कोर्टकज्जे नकोत. वॉरंटी आहे तोवर मी अधिकृत वर्कशॉपमध्येच जाईन. माझं मतही तेच आहे. पण तिथं जाणं आणि तिथं म्हणतील ते सगळं करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तक्त्यातलं प्रत्येक काम वेळेवर केलंय, त्याची बिलं फाइलला आहेत. मग उंदरांचा फवारा मारला नाही म्हणून मोटरला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरची वॉरंटी नाकारली, असं कुणी लेखी देईल का? मागून पाहा. तोंडी धमकी आणि लेखी नकार यांच्यामध्ये सगळा धंदा दडलेला आहे.

रिसेलचंही तसंच. जुनी गाडी घेणारा काय पाहतो? किलोमीटर, अपघात, टायर, वेळच्या वेळी झालेल्या सर्व्हिसची नोंद. तीन वर्षांपूर्वीच्या टेफ्लॉन कोटिंगची पावती दाखवून कुणी किमतीत दहा हजार वाढवून घेतले असतील, तर त्यांना माझा साष्टांग नमस्कार.

उरला शेवटचा, सर्वांत मराठी दावा: पंचवीस लाखांच्या गाडीला पाच हजारांचा हिशेब शोभतो का? शोभतो. किंबहुना हायब्रिडवाल्यालाच तो सर्वांत जास्त शोभतो. त्यानं पेट्रोल गाडीपेक्षा काही लाख जास्त मोजले ते कशासाठी? इंधन वाचवण्यासाठीच ना? मग हिशेब करूच. वर्षाला १२,००० किलोमीटर धरा. साधी गाडी लिटरला १५ देते, हायब्रिड २२, असं माना. ८०० लिटरच्या जागी ५४५ लिटर. पेट्रोल शंभर रुपये धरलं तरी वर्षाची बचत पंचवीस हजारांच्या आसपास. आता वर्षात दोन सर्व्हिस आणि प्रत्येकीत पाच हजारांची अनावश्यक कामं. झाले दहा हजार. म्हणजे ज्या बचतीसाठी गाडी घेतली, तिच्यातले चाळीस टक्के काउंटरवर ठेवून आलात. पेट्रोल पंपावर वाचवलेला पैसा वर्कशॉपमध्ये दान करणं याला श्रीमंती म्हणत नाहीत.

मान्य करायचं ते एवढंच. नारिंगी आवरणाच्या केबलमधून जाणारी वीज जीव घेऊ शकते, त्यामुळे मोठी बॅटरी आणि इन्व्हर्टर यांना प्रशिक्षित माणसाखेरीज कुणी हात लावू नये. ना मालकानं, ना नाक्यावरच्या गॅरेजवाल्यानं. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच पातळ दर्जाचं हवं, ‘हेही चालतं’ म्हणून घातलेलं जाड तेल नको. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, ते ठरल्या मुदतीत बदलायलाच हवं. इंजिन आणि इन्व्हर्टर यांचं कूलंट कंपनीच्याच दर्जाचं हवं. ही कामं टाळणारा कंजूष आहे आणि त्याला मी हुशार म्हणणार नाही. पण ही सगळी कामं तक्त्यातच आहेत! ती करायला ॲडव्हायझरची कृपा लागत नाही, वाचता येणं पुरतं.

तेव्हा पुढच्या सर्व्हिसला मॅन्युअल हातात घेऊन जा. तक्त्यातलं सगळं करा, ब्रेकच्या पिनांची सफाई आणि मोजून सिद्ध झालेली झीज सोडली तर तक्त्याबाहेरचं प्रत्येक काम खोडा. जे खोडू देत नाहीत त्यांच्याकडून कारण लेखी घ्या. झीज सांगितली तर मोजमाप मागा, भाग बदलला तर जुना भाग परत मागा, बिलावरचं तेल किती लिटर आहे ते पुस्तकाशी ताडा. वॉरंटी संपल्यावर तेल, फिल्टर, ब्रेक, टायर यांसाठी भरवशाचा बाहेरचा मेकॅनिक शोधा आणि बिलं जपून ठेवा. हायब्रिड नाजूक नाही. नाजूक आहे ती आपली ‘नाही’ म्हणायची सवय. यंत्र बनवणाऱ्यांनी त्याला काय लागतं ते छापून आपल्या हातात दिलंय. त्याहून एक रुपया जास्त मागणारा माणूस गाडीची काळजी घेत नाही, आपल्या अज्ञानाचं भाडं वसूल करतो. ते भाडं भरणं आजपासून बंद करा.